दुसऱ्या चाचणीचा आकडा

सुधन्वा रेगेच्या पहिल्या कॅव्हिटीचा आकडा पडद्यावर आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. इतका चांगला आकडा आमच्या हॉलमध्ये कधी आला नव्हता. म्हणूनच तो मला आवडला नाही.

मी फरीदाबादच्या एका कंपनीत क्वालिटीची प्रमुख आहे. आम्ही पार्टिकल अ‍ॅक्सिलरेटरचे भाग बनवतो, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या बारक्या कणांना ढकलून ढकलून वेग देणाऱ्या यंत्राचे. त्यातला जीव म्हणजे कॅव्हिटी. नायोबियम धातूची, मधोमध फुगलेली पोकळ नळी. तिच्यात रेडिओ लहरी सोडायच्या, त्या आतल्या आत घुमत राहतात आणि मधून जाणाऱ्या कणांना धक्का देतात. कॅव्हिटी भरपूर थंड केली की तिच्यात शक्ती जवळजवळ वाया जात नाही. ती किती टिकते हे सांगणारा एक आकडा असतो, आणि तो मोठा आला की आमच्या धंद्यातले लोक पेढे वाटतात. मी वाटत नाही. मला पगार मिळतो तो शंका घ्यायचा.

"तू भाजीवाल्याच्या काट्याचंसुद्धा कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागशील," असं माझा नवरा श्रीपाद म्हणतो. तो केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालाय आणि त्याच्याकडे टोमणे मारायला भरपूर वेळ असतो.

सुधन्वा मूळचा पुण्याचा, परदेशातल्या एका प्रयोगशाळेतून आमच्याकडे आलेला. पस्तिशीचा, किडकिडीत, कमी बोलणारा. कॅव्हिटीला आतून कथलाच्या वाफेचा अगदी पातळ थर द्यायची रीत त्याला येत होती. असा थर दिलेली कॅव्हिटी थोड्या कमी थंडीतही चालते. मग हीलियमचं अवाढव्य यंत्रघर लागत नाही, फ्रिजच्या थोरल्या भावासारखा एक कूलर पुरतो. म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर एवढा लहान होतो की तो कापड रंगवण्याच्या कारखान्याशेजारी उभा करावा, आणि त्याच्या इलेक्ट्रॉनच्या झोताने सांडपाण्यातला रंग मोडून काढावा. फरीदाबादचे नाले ज्याने पाहिलेत त्याला याचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. बाहेर दोन-चार ठिकाणी हे जमलं होतं. आमच्याकडे, पहिल्याच फटक्यात, असं जमलं म्हणे.

म्हणे, असं मी मुद्दाम म्हणते.

कारण तो भट्टीच्या खोलीला कुलूप लावायचा. मी जवळ गेले की लॅपटॉप मिटायचा. जिन्यात उभा राहून हळू आवाजात फोनवर बोलायचा. आणि पहिल्या कॅव्हिटीला थर दिला तो रविवारी, एकट्याने येऊन.

"रविवारीच का?" मी विचारलं होतं.

"मॅडम, रविवारी आजूबाजूच्या फॅक्टऱ्या बंद असतात. लाइट जात नाही. भट्टी मध्येच बंद पडली तर सगळं वाया."

उत्तर बरोबर होतं. ज्यांच्याकडे बरोबर उत्तर तयार असतं त्यांचा मला जास्तच संशय येतो.

मी सगळ्या केबली बदलून पाहिल्या. मीटर बदलले. आकडा तोच. तेव्हा माझ्या मनात एक विचार येऊन बसला, आणि मग तो उठेचना. या माणसाने तयार थर दिलेली कॅव्हिटी परदेशातून आणली असणार आणि आमचा नंबर तिच्यावर कोरून ठेवली असणार. येताना एक मोठी ट्रंक आणली होती त्याने, ती मी स्वतः पाहिली होती.

"ट्रंकेत त्याच्या बायकोची भांडी होती," श्रीपाद म्हणाला. "रसिकाने आपल्याला त्यातल्याच कुकरमधला मसालेभात खायला घातला. विसरलीस?"

"कुकरखाली काय होतं ते पाहिलंस तू?"

श्रीपादने पेपर वर केला.

मी कंपनीचे मालक विनायक धारप यांच्याकडे गेले. त्यांना आम्ही सर म्हणतो. माणूस हुशार, गोड बोलणारा, आणि गोड बोलणं कुठे थांबतं ते कळू न देणारा. मी सांगितलं की एका आकड्यावर मी सही करणार नाही. दुसरी कॅव्हिटी बनवायची, आमच्या नायोबियमची, पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर. पुन्हा तोच आकडा आला तर मी मान्य करीन.

"आणि नाही आला तर?"

"तर पहिला खोटा होता."

सरांनी पेन टेबलावर आपटून पाहिलं. "ठीक आहे, उल्काताई. दुसऱ्या टेस्टला प्रोजेक्टचे पैसे मंजूर करणारी दिल्लीची कमिटीच बोलवू. तिच्या प्रमुख अरुणा माथुर मॅडम स्वतः येतील. आकडा आला तर सुधन्वाला परमनंट करू आणि प्रोजेक्ट आपला. नाही आला, तर त्याला घरी पाठवू. बिल्कुल क्लिअर."

सुधन्वाला हे सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "परदेशातली नोकरी सोडून आलोय मॅडम. रसिकाने इथे शाळेत नोकरी धरलीय. आम्हाला परत जायचं नाहीये." मग म्हणाला, "चलो, बनवू दुसरी."

मी पहारा दिला. दुसरा शब्द नाही. भट्टीच्या खोलीत त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. किती तापमान, किती वेळ, कथील किती, कुठे ठेवलं, सगळं त्याला मोठ्याने बोलायला लावलं आणि कंपनीच्या कॉम्प्युटरवर चढवून घेतलं. त्याने काही लपवलं नाही. मला वाटलं, किती सफाईने लपवतोय. थर झाल्यावर कॅव्हिटी शुद्ध पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आतून धुतली. क्लीनरूममध्ये, नखशिखान्त पांढऱ्या पोशाखात, आम्ही तिची तोंडं बंद केली आणि आतली हवा काढून घेतली. धूळ हा या कामातला शत्रू. आत एक कण जरी राहिला तरी जोरदार विद्युतक्षेत्रात तो इलेक्ट्रॉन ओकायला लागतो, ते भिंतीवर आदळतात, एक्स-रे निघतात आणि आकडा कोसळतो. बंद कॅव्हिटी आम्ही बाहेरच्या हॉलमध्ये स्टँडवर आणून ठेवली. झडपेवर मी माझ्या सहीची पट्टी चिकटवली. आता ती माझ्या नकळत कुणी उघडली असती तर पट्टी फाटली असती.

चाचणीच्या आधी एकच काम उरलं होतं, एक्स-रे मोजणारा मीटर तपासून आणायचं. तो दिल्लीतल्या एका प्रयोगशाळेत न्यावा लागतो. नेहमी ड्रायव्हर नेतो. पण या वेळी मी कुणाच्या हाती देणार नव्हते. मीटरमध्ये गडबड केली की काम फत्ते, हे मला कळत होतं तसं त्यालाही कळत असणार. म्हणून मी स्वतः निघाले, आणि निघताना गेटवर सांगून ठेवलं की मी परत येईपर्यंत सुधन्वा रेगे हॉलमध्ये पाय ठेवणार नाहीत.

तो तिथेच उभा होता. त्याचे कान लाल झाले.

"माझ्याच कॅव्हिटीजवळ मला जाता येणार नाही?"

"माझ्या गैरहजेरीत नाही."

"आज खंडेनवमी आहे मॅडम. पूजेला तरी?"

"घरी करा पूजा."

बाकीचं फरीदाबाद विश्वकर्मा पूजेला मशीनं बंद ठेवतं. आमचे सर पक्के मराठी, ते खंडेनवमीला शस्त्रपूजा करतात. लेथ, ड्रिल, वेल्डिंगचं मशीन, सगळ्यांना हळदीकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. बिहार, हरियाणाचे कामगारही हौसेने येतात. क्लीनरूमच्या मालाला मात्र मी बोट लावू देत नाही. त्यासाठी एक जुनी, वेल्डिंग करताना भोक पडलेली कॅव्हिटी ठेवलेली आहे. तिला पाटावर बसवायचं, तिची पूजा करायची, पुन्हा कपाटात. ही सोय मीच लावून दिलेली.

मी दुपारनंतर परत आले. टेबलावर प्रसादाचा पेढा आणि खोबऱ्याचा तुकडा होता. हॉलमध्ये कॅव्हिटी स्टँडवर जागच्या जागी, प्लास्टिकच्या आवरणाखाली. झडपेवरची पट्टी जशीच्या तशी. मी निश्चिंत झाले आणि पेढा खाल्ला.

चाचणीच्या सकाळी पंपाची नळी झडपेला जोडायची असते. आमच्याकडे हे काम हॉलमध्ये होतं, वर स्वच्छ हवेचा पंखा लावून. सुधन्वा जोडत होता, मी शेजारी उभी होते. माझी नजर त्याच्या हातांवरून एकदाही हलली नाही. बाहीत काही आहे का, बोटांत काही आहे का. त्याचे हात थरथरत होते. माझ्या नजरेने थरथरत असतील, हे आता म्हणते. तेव्हा मला ते चोराचे हात वाटले. झडप उघडली, कॅव्हिटी खाली काँक्रीटच्या खड्ड्यात गेली, वर जाड झाकण सरकलं, आणि कमिटी पडद्यासमोर बसली.

शक्ती वाढवायला सुरुवात केली. थोडी वाढवली तोवर ठीक. आणखी थोडी, आणि एक्स-रेचा भोंगा वाजला. जिथे पहिली कॅव्हिटी आरामात होती त्याच्या निम्म्यावर सुद्धा ही पोचली नव्हती. आकडा घसरत गेला. सुधन्वाने शक्ती कमी केली, पुन्हा वाढवली. पुन्हा भोंगा. अरुणा मॅडमनी पेनला टोपण लावलं.

"आत काहीतरी गेलंय," सुधन्वा म्हणाला. त्याच्या ओठांचा रंग गेला होता. "ये तो फील्ड एमिशन है. थराचा दोष नाही, धूळ आहे. उघडून पाहू. फिर से धोकर टेस्ट करेंगे. प्लीज."

सर माझ्याकडे बघत होते. मी उभी राहिले. मला काय वाटलं ते सरळ सांगते: मला आनंद झाला. आपलं खरं ठरल्याचा आनंद. याला आता कॅव्हिटी उघडायचीय, म्हणजे धुऊन पुरावा पुसायचाय, एवढंच मला दिसलं. कमिटीसमोर मी स्वच्छ हिंदीत सांगितलं की निकाल पुन्हा आलेला नाही, त्यामुळे पहिल्या चाचणीवरही भरवसा ठेवता येणार नाही, आणि ही कॅव्हिटी यांच्या हाती देऊ नये.

"मॅडम, एकदा आत बघा तरी," तो मला मराठीत म्हणाला. फक्त मला.

मी कमिटीकडे वळले. तो आठवडा संपायच्या आत त्याने आपलं कार्ड परत केलं आणि गेला.

खरं तर तिथे थांबायचं. पण मला ते जमत नाही. तो खोटा आहे हे ठरलं होतं, सिद्ध झालं नव्हतं. दोन्ही कॅव्हिटींचे थर शेजारी शेजारी ठेवून ते वेगवेगळ्या भट्ट्यांचे आहेत हे मला दाखवायचं होतं. म्हणून दिवाळीनंतर मी दुसरी कॅव्हिटी क्लीनरूममध्ये घेतली, तिचं तोंड उघडलं आणि बारीक कॅमेऱ्याची नळी आत सोडली.

थर सुरेख होता. सगळीकडे सारखा, राखाडी, मऊ दिसणारा. पहिलीत आधी पाहून ठेवला होता अगदी तसाच, एकाच हाताचा. मी कॅमेरा पुढे सरकवला, आणि जिथे नळी फुगायला लागते त्या काठावर एक लाल ठिपका दिसला.

मग मी झडपेकडची बाजू पाहिली. बोल्टच्या आट्यांमध्ये तोच लाल रंग, आणि त्याच्याजवळ थोडी पिवळी झाक. दिल्लीत लावतात तो केशरी शेंदूर नव्हे. जे देवासमोर, लग्नात, संक्रांतीला आयुष्यभर बोटाच्या टोकाने उचललं, ते ओळखायला मायक्रोस्कोप लागत नाही. तरी मी तो लावला, कारण माझा माझ्यावरही भरवसा नाही. कुंकूच होतं.

पहिला विचार कुणाचा आला असेल? सुधन्वाचाच. यश यावं म्हणून यानेच हात जोडून टिळा लावला असणार, शिकलेला गाढव. मग आठवलं की तो त्या दिवशी हॉलमध्ये नव्हता. मी येऊच दिलं नव्हतं.

मी तशीच सरांच्या घरी गेले. दार गिरिजावहिनींनी उघडलं, म्हणजे सरांच्या मिसेसनी. पूजा त्याच सांगतात. अतिशय मायाळू बाई. मला बसवलं, चिवडा पुढे ठेवला.

"वहिनी, यंदा पाटावर कुठली कॅव्हिटी होती?"

"खरी!" त्या कौतुकाने म्हणाल्या. "अहो, मी हट्टच धरला. दर वर्षी ते भोक पडलेलं भंगार काय पुजायचं? आणि यंदा तर तुम्ही सगळे तिच्यावर जीव टाकून बसलेले. तो सुधन्वा बिचारा किती टेन्शनमध्ये होता. मी ह्यांना म्हटलं, खरी आणा. हे म्हणाले, सील आहे, काही होत नाही."

"कुणी नको म्हटलं नाही?"

"कोण म्हणणार? तुम्ही दिल्लीला. सुधन्वाही नव्हता. आला असता तर त्याच्याच हातून कुंकू वाहायचं होतं मला." मग माझा चेहरा पाहून घाईने म्हणाल्या, "पण नंतर मी स्वतः पुसली हो. स्वच्छ. ओल्या फडक्याने, गंगाजळ घालून. खाचाखोचांतून सुद्धा."

मी डोळे मिटले. कोरडं कुंकू वाऱ्याने उडून तरी गेलं असतं. वहिनींनी ते प्रेमाने आट्यांमध्ये भरलं होतं. तिथे ते वाळलं. मग आम्ही नळी जोडली, झडप उघडताना हवेचा झोत आत गेला, आणि त्याच्याबरोबर कण. मी शेजारी उभी होते. मी हात बघत होते, बोल्ट बघत नव्हते. आणि पाटावरून ती कॅव्हिटी ओरडून उचलणारी माणसं त्या कंपनीत दोनच होती. त्यातल्या एकाला मी गेटवर अडवलं होतं, आणि दुसरी मीटर मांडीवर घेऊन दिल्लीच्या ट्रॅफिकमध्ये बसली होती.

सरांना मी तिथेच सांगितलं. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. म्हणाले, "अच्छा. धुऊन बघा मग."

आम्ही ती पुन्हा धुतली, पुन्हा बंद केली, पुन्हा खड्ड्यात उतरवली. या वेळी भोंगा वाजला नाही. आकडा पहिल्या कॅव्हिटीपेक्षाही वर गेला. हॉलमध्ये मी, सर आणि दोन टेक्निशियन. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

"सर, सुधन्वाला बोलवायला हवं," मी म्हटलं. "कमिटीला सांगायला हवं. त्याला दुसरीकडे नोकरी मिळणार नाही. सगळीकडच्या कमिट्यांवर अरुणा मॅडमच आहेत."

"सांगू ना. सावकाश." सरांनी पडद्यावरचा आकडा डोळे भरून पाहिला. "काय सांगणार पण? कुंकवाने मशीन बसलं? हसतील लोक. आपण म्हणू, प्रोसेसमध्ये सुधारणा केली, आता रिझल्ट येतोय. खोटं नाही ना ते?"

"आणि सुधन्वा?"

"उल्काताई, सगळी रीत आपल्याकडे आहे की आता. तुम्हीच तर एक एक स्टेप चढवून घेतलीत. उत्तम काम केलंत."

हे सगळं मुद्दाम झालं असेल का, ही शंका माझ्या मनात आली नसती तर मी मी नव्हते. नाही, मुद्दाम नसावं. वहिनींच्या भक्तीत खोट नव्हती, आणि "सील आहे, काही होत नाही" हा शुद्ध निष्काळजीपणा होता. पण चुकीतून आपला फायदा होतोय हे सरांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. आणि त्यांच्यासाठी राबली कोण? मी. फुकटची पहारेकरीण. मला स्वतःची इतकी चीड आली की मी हॉलमधून बाहेर आले आणि पार्किंगमध्ये नुसती उभी राहिले.

संध्याकाळी सुधन्वाला फोन केला. रसिकाने उचलला.

"काय काम आहे?" तिने विचारलं. मसालेभात वाढणारी रसिका नव्हती ती.

मी म्हटलं की भेटायचंय, त्याच्याच फायद्याचं आहे. ती म्हणाली, "तुम्ही आणि त्याचा फायदा?" पण निरोप तिने पोचवला.

तो भेटला दिल्लीत, कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनाच्या कॅन्टीनमध्ये, जेवणाच्या वेळी. जागा त्याने निवडली होती. आजूबाजूला माणसं हवीत म्हणून, हे मला पोचताच कळलं. सगळीकडे मराठी बोलणं, ताटांचे आवाज. तो भिंतीला पाठ लावून बसला होता. आणखी वाळला होता. दिल्लीतल्या एका संस्थेत इंटरव्ह्यू होऊन आला होता. त्यांनी विचारलं होतं म्हणे, फरीदाबादला नेमकं काय घडलं?

मी थालीपीठ मागवलं आणि सगळं सांगितलं. पाट, झेंडू, गंगाजळ, आटे, लाल ठिपका. धुतल्यावर आलेला आकडा. मी त्याला गेटवर अडवलं नसतं तर हे घडलंच नसतं, हेही सांगितलं. माझी चूक झाली, असं सरळ म्हटलं. मला हे शब्द म्हणायची सवय नाही.

त्याने पाण्याचा पेला बाजूला सरकवला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्हाला सरांनी पाठवलंय का?"

"नाही. त्यांना माहीतही नाही."

"तिसरी कॅव्हिटी बिघडली का?"

"तिसरी बनवलीच नाही अजून."

तो किंचित हसला. ते हसू मला ओळखीचं वाटलं आणि नकोसं झालं. "म्हणजे बनवताना कुठेतरी अडलंय. भट्टीत ना? आणि ते माझ्याकडून काढून घ्यायचंय."

"सुधन्वा, मला काही काढून घ्यायचं नाहीये. मी कमिटीला खरं सांगणार आहे."

"मग सांगितलं का नाहीत अजून? आधी माझ्याकडे का आलात?"

बरोबर प्रश्न होता. मी विचारला असता तोच. मी म्हटलं, "आधी तुला कळावं असं वाटलं." हे अगदी खरं होतं, आणि बोलताना मलाच ते खोटं ऐकू आलं.

"तुमचा फोन टेबलावर ठेवा," तो म्हणाला. "उलटा नाही. सुलटा. रेकॉर्डिंग चालू नाही ना?"

मी फोन सुलटा ठेवला. मग तोच उचलला आणि त्याच्यासमोर अरुणा माथुरना लावला, स्पीकरवर. सरांना हे कळणार, मग माझी नोकरी राहणार नाही, हे मला माहीत होतं. श्रीपादला सकाळीच सांगून ठेवलं होतं, आणि पहिल्यांदाच त्याने टोमणा मारला नव्हता. अरुणा मॅडमनी फोन उचलला. मी हिंदीत पहिल्यापासून सगळं सांगितलं. पूजा सांगितली. गेट सांगितलं. दुसऱ्या चाचणीचा खरा आकडा सांगितला. म्हटलं, मैंने उस दिन जो कहा वो ग़लत था, सुधन्वा रेगे का काम सच्चा है, लिखकर भी दूँगी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आप लिखकर भेजिए. मैं सुधन्वा से खुद बात करूँगी." आणि फोन ठेवला.

थालीपीठ निवलं होतं. शेजारच्या टेबलावर कुणीतरी ताक मागत होतं. सुधन्वा माझ्या फोनकडे बघत होता.

"त्या खरंच अरुणा मॅडम होत्या?" त्याने विचारलं.

"म्हणजे? त्यांचा आवाज ओळखत नाहीस तू?"

"कुणाचा आवाज कसा असतो ते मला आता सांगता येत नाही."

"हा बघ नंबर."

"नंबर कुठल्याही नावाने सेव्ह करता येतो, मॅडम."

त्याने आपला फोन काढला. इंटरव्ह्यूच्या मेलमध्ये पॅनेलच्या यादीत अरुणा मॅडमचा नंबर होता, तो एक एक आकडा ताडून पाहिला आणि लावला. मला राग यायला हवा होता. माझ्यावर कुणी असा संशय घेतला असता तर मी ताट भिरकावून उठले असते. पण समोर बसून पाहत होते ते मीच घडवलेलं होतं. एका साध्या, कामाला वाहिलेल्या मुलाचं मी हे करून ठेवलं होतं, आणि ते धुऊन निघायला माझ्याकडे पाणी नव्हतं. पलीकडे रिंग वाजत होती. मला रडू कोसळलं. ते खरं आहे का हे पाहायला त्याने एकदा मान वर केली.